टाकून दिलेला चीक

सिस्टरने लहानीचं मनगट धरलं. घट्ट धरलं, पण दुखेल असं नाही. लहानीचा एक हात तेव्हा नातीच्या, काजलच्या छातीवर होता आणि दुसऱ्या हातात स्टीलची वाटी होती. वाटीत चार-पाच थेंब पडले होते. पिवळे, मधासारखे दाट.

“आजी, काय करताय?”

“चीक काढते, बाय.”

“काढून काय करणार?”

“टाकणार. शिळा असतो तो. नऊ महिने साचलेला.”

सिस्टरने वाटी काढून घेतली, खिडकीत ठेवली. कापडात गुंडाळलेली पोर उचलली आणि काजलच्या अंगाशी लावली. जन्मून पाऊण तास झालेल्या त्या पोरीने डोळे मिटलेलेच ठेवून डोकं दोनदा इकडे-तिकडे हलवलं, तोंड उघडलं आणि लागली.

पलीकडच्या खाटेवरची आसनगावची बाळंतीण हे सगळं बघत होती. ती म्हणाली, “आजी, माझी सासू पण हेच करणार होती. म्हणून तिला घरीच ठेवून आले. सांगितलं, तुमचे गुडघे दुखतात, तुमी आराम करा.”

खोलीतल्या बायका हसल्या. लहानीही हसली. तिचा हात मात्र होता तिथेच, हवेत, तीन बोटं जुळलेली. तो खाली घ्यायचं तिला काही वेळ सुचलं नाही.

ती बोटं गेली पंचेचाळीस वर्षं तेच करत आली होती. लहानी मुरबाडच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बोरीच्या पाड्यावरची. वीस-बावीस घरं, एक विहीर, वरच्या अंगाला नाचणीची वरकस जमीन, खाली थोडी भातखाचरं. लग्न होऊन आली तेव्हा पाड्याची सुईण तिची सासू होती, गोजर. गोजर फार बोलत नसे. बाळंत होणाऱ्या बाईच्या पोटावर सुनेचा हात ठेवायची, वर आपला हात ठेवायची आणि दाबायची. पोर आडवं कुठे, डोकं कुठे, कळ खरी की खोटी, हे सगळं लहानीला सासूच्या तळहाताखालून कळलं. गोजर गेली आणि लोक तिच्याऐवजी लहानीला बोलवायला लागले, इतकंच. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलं नाही.

ती चांगली सुईण होती. हे सांगायला हवं, कारण पुढे जे आहे त्यात ते हरवून जाईल. आजूबाजूच्या पाच पाड्यांत तिच्या हाताखाली एकही बाई मेली नाही. वार अडकली तर ती घाबरायची नाही, आणि आपल्याच्याने होणार नाही हे ओळखलं की वेळ न घालवता डोली बांधायला लावायची. सरकारी शिकवणीला गेली तेव्हा तिथून ब्लेड, दोरा आणि साबण घेऊन आली आणि त्या दिवसापासून बांबूची कामटी नाळेला लावली नाही. दुधाबद्दलही तिथल्या बाईंनी काही सांगितलं असेल. लहानीला आठवत नाही. ब्लेड हातात देता येतं, साबण हातात देता येतो. बोलणं परतीच्या वाटेवर उन्हात कुठेतरी गळून गेलं असणार.

दुधाचं तिला सासूने सांगितलेलं होतं. पहिले तीन दिवस बाईची छाती पिळायची. येणारा चीक पळसाच्या पानाच्या द्रोणात घ्यायचा आणि घरामागच्या बांबूच्या बेटात नेऊन ओतायचा, म्हणजे कोणाच्या पायाखाली येणार नाही. तोवर पोराला गुळाचं पाणी. कापसाची वात करायची, त्यात बुडवायची, पोराच्या ओठांना लावायची. चौथ्या दिवशी पांढरं दूध आलं की मग छातीला. गोजरने हे तिच्या सासूकडून घेतलं होतं आणि त्या सासूने आणखी कोणाकडून. लहानी हे काम प्रेमाने करायची. दुखू नये म्हणून आधी कोमट फडक्याने शेकायची. बाया म्हणायच्या, लहानीचा हात लोण्यासारखा आहे.

आता पाड्यापर्यंत गाडी येते. फोन केला की दवाखान्याची गाडी येते. लहानीकडे उरलं ते बाळंतिणीला तेल लावणं, शेक देणं आणि पाचवीला मान घेणं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. काजलला आईच्या घरी कळा सुरू झाल्या तेव्हा तिथे आलेली लहानीच म्हणाली, शहापूरला न्या. काजल ही तिच्या मुलीची, रखमीची, एकुलती लेक. काजलचा नवरा जगन आपल्या काकाबरोबर बैलजोडी घेऊन म्हसाच्या जत्रेला गेला होता. त्यामुळे दवाखान्यात तिघी आल्या आणि पोर झाल्यावर रखमी डोळखांबजवळच्या आपल्या घरी परत गेली. काही तरी आणायचं आहे म्हणाली.

दुपारी खोली निवांत झाली तेव्हा ती सिस्टर पुन्हा आली. तिचं नाव सोनाली. किन्हवलीकडच्या शेतकरी घरातली, तिशीच्या आतबाहेरची, पायांत पांढरे बूट आणि बोलण्यात गावाकडची लय. तिने खाटेच्या कडेला लहानीजवळ बसून घेतलं.

“आजी, रागावलात का?”

“नाय गो. पण शिळं दूध पोराच्या पोटात घातलंस.”

“शिळं नाही ते. तुमच्या घरात भुई सारवता ना?”

“मातीची व्हती तवर सारवायची. आता फरशी केली नातवानं.”

“सारवली नाही तर काय होतं?”

“उखडते. भेगा पडतात. मुंग्या शिरतात.”

“तसंच पोराचं आतडं असतं बघा. कोरं. ह्या चिकानं ते आतून सारवलं जातं. मग बाहेरचा जंतू आला तरी त्याला चिकटायला जागा मिळत नाही. आणि नुसतं सारवणं नाही. आईला आजवर जे जे रोग भेटलेत ना, त्यांची ओळख असते त्या चिकात. पोराच्या अंगाला ती ओळख स्वतःहून करायला किती महिने लागतात. तोवर आईचीच उसनी.”

“सगळ्या रोगांची?”

“आईला भेटलेल्या. तिच्या गावातल्या, तिच्या पाण्यातल्या. म्हणून तर ह्याला पहिली लस म्हणतात.”

लहानी म्हणाली, “आमच्या शेळीला करडू झालं का मी लगेच त्याचं तोंड सडाला लावते. चीक नाय मिळाला तर करडू जगत नाय.”

सोनाली म्हणाली, “मग? तुम्हाला तर माहीतच आहे की!” आणि तिला कोणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली.

लहानीला माहीत होतं. हेच ते होतं. शेळी व्यायली की ती सगळं काम टाकून करडाजवळ बसायची, ते लटपटत उभं राहीपर्यंत, सडाला लागेपर्यंत. गाय व्यायली तर आधी वासराचा चीक, मग घराचा खरवस, हे पाड्यातलं पोरही सांगेल. आणि त्याच घरात, त्याच हातांनी, ती माणसाच्या पोराच्या वाटणीचा चीक बांबूच्या बेटात ओतून यायची. ह्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात पंचेचाळीस वर्षं शेजारी-शेजारी राहिल्या. मधली भिंत कधी पडली नाही.

माणसाच्या शरीराची एक रीत आहे. त्यात काही पेशी अशा असतात की ज्या एकदा भेटलेल्या रोगाला विसरत नाहीत. सहाव्या वर्षी गोवर येऊन गेलेल्या बाईच्या हाडांच्या पोकळीत साठाव्या वर्षीही त्याची ओळख जपलेली असते. बाई स्वतः विसरलेली असते, ती गोष्ट सांगणारी आई मेलेली असते, पण रक्ताला ते ठाऊक असतं. पोर जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ असं काही नसतं. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातून वारेवाटे काही मिळालेलं असतं, ते त्याच्या रक्तात फिरतं. पण आतड्याची आतली बाजू, जिथे पहिला घोट पोचतो आणि घोटाबरोबर पहिला जंतू, ती उघडी असते. आई ज्या विहिरीचं पाणी पिते त्या विहिरीतले जंतू तिच्या आतड्याने ओळखलेले असतात. तिथून ती ओळख छातीत उतरते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांच्या त्या पिवळ्या, थोड्याशा, दाट दुधात सर्वांत जास्त असते. पोराच्या पोटाला तेवढंच लागतं. चमचाभर.

लहानीला हे ह्या शब्दांत कोणी सांगितलं नाही. पण सिस्टर ‘तिच्या पाण्यातल्या’ म्हणाली तो शब्द तिच्यात घुसून बसला. ती खाटेजवळ जमिनीवर बसली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की गुळाचं पाणी त्याच विहिरीचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी रखमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अठरा वर्षांची होती. बोरीच्या पाड्यावरच जन्मलेली, त्या एका विहिरीचं पाणी अठरा वर्षं प्यायलेली. तिच्या अंगाला ती विहीर पाठ होती. मुलगा झाला. लहानीच्याच हातावर झाला. तिने तीन दिवस लेकीची छाती शेकली, पिळली, द्रोण नेऊन ओतला. तीन दिवस वातीने गुळाचं पाणी दिलं. पाचव्या दिवशी पोराला पातळ व्हायला लागलं. नवव्या दिवशी रडणं थांबलं. अकराव्या दिवशी तो गेला.

रखमीची सासू सावळी तेव्हा आलेली होती. ती म्हणाली, पोरीच्या दुधात दोष आहे. तसं पाहायची एक रीत होती. तिने रखमीचं दूध वाटीत काढायला लावलं, दारचौकटीवर चाललेला एक काळा मुंगळा धरला आणि वाटीत टाकला. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. मुंगळा पोहला, फिरला, पाय झाडून निपचित झाला. सावळी म्हणाली, “बघा. इख हाय.”

लहानी दारात उभी होती. मुंगळा पाण्यात पडला तरी मरतो, ताकात पडला तरी मरतो, हे तिला ठाऊक होतं. रोज चुलीपाशी तिने पाहिलेलं होतं. बोलायला तोंडही उघडलं असेल. पण दूध नाही तर मग काय, असा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या घरात पोराला आईशिवाय दुसरा हात लागला होता तो फक्त सुईणीचा. ती बोलली नाही. रखमी भिंतीला टेकून बसली होती आणि वाटीकडे बघत होती.

दोन वर्षांनी काजल झाली तेव्हा रखमीने तिला छातीला लावलंच नाही. सासरीच बाळंत झाली, शेळीच्या दुधावर पोर वाढवली. काजल जगली. पण सतत आजारी, सतत नाक वाहणारं, काडीसारखी. ती जगली ह्याचाच पुरावा झाला. त्या घरात आणि मग त्या गावात सगळ्यांना माहीत झालं की रखमीचं दूध पोराला लागत नाही. कोणी तान्हं घेऊन आलं तर रखमी स्वतःहून लांब सरकायची. आपलं पोर कोणी तिच्या मांडीवर ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तिनेच उचलून परत दिलं असतं.

सोनाली पुन्हा खोलीत आली तेव्हा लहानीने तिला थांबवलं.

“बाय, एक इचारू? पोर अकराव्या दिवशी गेलं, हगवणीनं. तर ते चीक टाकला म्हणूनच?”

सोनालीने तिच्याकडे बघितलं. कोणाचं पोर, असं तिने विचारलं नाही.

“न बघता कसं सांगू, आजी? पाण्यातून झालं असेल, आणखी कशातून असेल. चीक प्यायलेली पोरंही कधी कधी जातात. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत.”

“पण?”

“पण चीक नाही आणि वर विहिरीचं पाणी... म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपायचं. चोर येतोच असं नाही.”

लहानीने मान हलवली. रात्रभर ती खाटेला टेकून जागी होती. काजलने विचारलं, “आजे, काय झालंय तुला?” तर म्हणाली, “कंबर.”

सकाळी रखमी आली. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची बाटली, बाटलीत दूध. घरची शेळी चारच दिवसांपूर्वी व्यायली होती. येता येता ती दोन गाड्या बदलून आली होती आणि दूध नासू नये म्हणून बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळलं होतं. आत आली तेव्हा काजल पोरीला पाजत होती.

रखमी जागीच उभी राहिली. “काय करतेस गो?”

“सिस्टर बोलली, पाज.”

“शिस्टरला काय ठावं आपल्या घरचं? काढ. काढ आधी.”

“आये, ती पिते ना...”

“तोही पीत व्हता.” रखमीचा आवाज चढला नाही. “चौथ्या दिसापासून चांगला पीत व्हता. काजल, माझं ऐक. आपल्या अंगाला दोष हाय. माझं दूध तुला नाय दिलं म्हणून तू आज हायस. मी दूध आणलंय. पाणी घालून पातळ केलंय. बाटली उकळून घेतलीय.”

आसनगावची बाई म्हणाली, “अहो मावशी, काय बोलता? शेळीचं दूध एका दिवसाच्या पोरीला?”

“तुमचं तुमी बघा, बाय,” रखमी म्हणाली.

काजलने आईकडे बघितलं. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने हळूच करंगळी पोरीच्या तोंडात घालून तिला सोडवलं आणि पदर ओढून घेतला. पोर रडायला लागली. रखमी बाटलीचं झाकण काढू लागली.

लहानी उठली. “रखमे, बाहेर चल.”

“आधी पोरीला पाजते.”

“आधी बाहेर चल.”

दवाखान्याच्या मागच्या बाजूला पायऱ्या होत्या. तिथे कोवळं ऊन आलं होतं. कोणीतरी धुतलेली लंगोटं दोरीवर वाळत घातली होती. रखमी बाटली हातात घेऊनच आली. ती बसली नाही.

“बोल. दूध नासंल.”

“काजलला सांग, छातीला लावू दे.”

“आये, तू व्हतीस ना तिथं? डोळ्यांनी पाह्यलंस ना?”

“पाह्यलं. मुंगळा बुडून मेला.”

“इखानं मेला.”

“बुडून. पाण्यात टाकला असता तरी मेला असता. मला तवाच ठावं व्हतं.”

रखमी खालच्या पायरीवर बसली.

“तवाच?”

“व्हय.”

“मग बोललीस का नाय?”

“समद्यांनी माझ्याकडं बघितलं असतं.” लहानीने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं. “आणि मला भ्या वाटलं. काय चुकलंय ते ठावं नव्हतं, पण काय तरी माझ्याच हातनं झालं असंल, असं वाटलं. काल कळलं.”

मग तिने सांगितलं. चीक म्हणजे काय, तो कशाला असतो, तीन दिवस तिने काय ओतलं, पाणी कोणत्या विहिरीचं होतं. सिस्टर म्हणाली तेही सगळं सांगितलं, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही हेसुद्धा. ते सांगताना तिला वाटलं आपण त्याच्याआड लपतोय, म्हणून ती म्हणाली, “पण बोट ठेवायचं तर माझ्यावर ठेव. तुझ्या दुधाला काय झालं नव्हतं. कधीच नव्हतं.”

ऊन पायरीवरून थोडं सरकलं. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता.

रखमी म्हणाली, “काजलच्या टायमाला मला ताप आलेला. छाती दगड झाली व्हती. ती रडायची नि माझं दूध आपोआप गळायचं. मी लुगड्याचं फडकं आवळून बांधलं व्हतं. ते भिजायचं. मग मी ते धुवायला नेयाची, तर कोण बघतंय का ते बघून धुवायची. कुत्र्यामांजरानं चाटलं तर मरंल म्हणून.”

लहानीने तिच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला. रखमीने त्या हाताकडे बघितलं. नुसतं बघितलं. लहानीने हात मागे घेतला.

“बावीस वर्सं, आये,” रखमी म्हणाली. “मी जावेचं पोर घेतलं नाय कधी. भाच्याला घेतलं नाय. तू येऊन बघायचीस. दर सणाला यायचीस. बघायचीस नि जेवून जायचीस.”

ती उठली. बाटली तिथेच पायरीवर राहिली. लहानी तिच्यामागून दारापर्यंत गेली आणि आत न जाता थांबली. रखमीने काजलच्या खाटेशी जाऊन तिचा पदर आपल्या हाताने बाजूला केला, पोर उचलली, कशी धरायची ते तिला क्षणभर कळलं नाही, मग तिने ती छातीशी लावली. “पाज,” म्हणाली. काजल तिच्याकडे बघत राहिली. “पाज गो. काय नाय होत.” आणि ती खाटेच्या कडेवर बसली, पोरीचं तोंड चालतंय त्याकडे बघत. तिचं स्वतःचं तोंड किंचित उघडं होतं. रडत नव्हती. आसनगावच्या बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुपारी लहानी एकटीच निघाली. काजल म्हणाली, “आजे, थांब ना, उद्या सोडतील.” रखमी पोरीचं लंगोट बदलत राहिली. लहानीने किन्हवलीवरून सरळगावची गाडी धरली, तिथून पुढे जीप. जीपमध्ये म्हसाच्या जत्रेला निघालेली माणसं भरली होती, घोंगड्या घेतलेली, हसणारी. एकाने विचारलं, “आजी, जत्रेला?” ती म्हणाली, “नाय रे. घरी.”

पाचवीच्या दिवशी सुईण लागते. पाटा मांडायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचं, पोराच्या नावाने सटवाईला हात जोडायचे, हे तिचं काम. काजलच्या पोरीच्या पाचवीला लहानी जाणार हे ठरलेलंच होतं. तिने सकाळी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि ओट्यावर बसली. पाड्यातल्या एकीने विचारलं, “जायची नाय का गो लेकीकडं?” ती म्हणाली, “जगन येईल न्यायला.” जगन आला नाही. तो येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी लुगडं बदललं नाही.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा नातवाने घरात ठेवलेला फोन वाजला. काजलचा होता.

“आजे, जेवलीस?”

“जेवले. पोरगी कशी हाय?”

“पिते. सारखी पिते. सिस्टर बोलली वजन भरेल.” मग काजल थांबली. “आजे, पाचवी आयेनंच केली. सुईण नाय बोलावली कोणी. शेजारची एक बोलली, असं चालत नाय, तर आये बोलली, चालंल.”

“बरं केलं.”

“थांब, आये बोलते.”

फोन हातातून हातात जाण्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मागे भांडी वाजत होती, कोंबडी ओरडत होती. लहानी वाट बघत राहिली. तिने फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

“आये,” रखमी म्हणाली.

“बोल.”

“तो झाला तवा. मला शुद्ध नव्हती. तू त्याला हातात घेतलंस.”

“व्हय.”

“ही पोरगी झाल्याझाल्या तोंड उघडून शोधत व्हती, असं काजल बोलली. डोळे मिटून. त्यानं...” तिथे ती थांबली. “त्यानं तोंड उघडलं व्हतं का?”

लहानीला आठवत होतं. पंचेचाळीस वर्षांतली बहुतेक पोरं तिच्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेली होती, पण हा नाही. नाळ कापून तिने त्याला पुसलं होतं, रखमीच्या कुशीत ठेवलं होतं, आणि त्याने डोकं वळवलं होतं, तिच्या छातीकडे. ओठ पुढे केले होते. लहानी हसून म्हणाली होती, थांब रे बाबा, घाई नको. आणि त्याला उचलून सुपात ठेवलं होतं, वातीला कापूस शोधायला गेली होती. परत आली तेव्हाही तो सुपाच्या कडेकडे तोंड करून शोधत होता.

नाही म्हणता आलं असतं. झोपला होता, असं म्हणता आलं असतं. ते ऐकून रखमीला आज झोप लागली असती, उद्याही. लहानीने ओट्यावरून समोर बघितलं. अंगणात कोणी नव्हतं.

“उघडलं व्हतं,” ती म्हणाली. “दोनदा.”

पलीकडे भांडी थांबली होती. रखमीचा श्वास ऐकू येत होता, मोठा, मग लहान, मग पुन्हा मोठा. लहानीला वाटलं ती शिव्या देईल. तिने शिव्या द्याव्यात असं तिला फार वाटलं.

“बरं,” रखमी म्हणाली.

फोन बंद झाला. लहानी तो कानाला लावून तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने नातू बाहेर आला आणि म्हणाला, “आजे, कट झालाय तो,” तेव्हा तिने तो त्याच्या हातात दिला.